देवमनचं काजळ

रिसोडला बाजार समितीच्या मागच्या गल्लीत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. समोर देवमन पडघानची टिनाची शेड आणि शेडला लागून जमशेदभाईंची बेकरी. सोयाबीनची धूळ, भट्टीचा गोड वास आणि कुठल्या तरी इंजिनाची घरघर या गल्लीत दिवसभर एकमेकांत मिसळून तरंगत असतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर हनुवटी टेकून समोर बघत बसते. समोर देवमन हातात पिस्टन धरून बसलेला असतो आणि तोही बघतच असतो. कुठे बघतो ते विचारू नका. पिस्टन नाकासमोर असतो आणि नजर पार पैनगंगेच्या पलीकडे.

पिस्टन म्हणजे इंजिनाच्या पोटात वर-खाली धावणारा ॲल्युमिनिअमचा गोल डबा, साधारण पाण्याच्या गडव्याएवढा. देवमन त्याच्या अंगाला काळाभोर, मऊ लेप लावतो, केसाहून पातळ. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगलाही लावतो. लेपामुळे घासणं कमी होतं, झीज कमी होते. कंपनीत त्याला मोठं इंग्रजी नाव होतं आणि देवमनला ते येतंही, पण आमच्या गल्लीने एकदा बघितलं आणि काजळ म्हणून टाकलं. तेव्हापासून पिस्टनला काजळ लावणारा देवमन हीच त्याची ओळख. वाशिम-मालेगावचे मेकॅनिक पिस्टन गोणपाटात गुंडाळून एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतात आणि सांगतात, काजळवाल्याले देजा.

मी ऑइल विकते. म्हणजे माझं पोट घासण्यावरच चालतं. मी त्याला सुरुवातीलाच विचारलं होतं, "काय रे, तुझं काजळ असं भारी असेल तर माझे डबे कोण घेणार?"

तो हसला. त्याला राग येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

"तसं नाही मंजुषाताई. इंजन चालू असलं का समदं तेलावर तरंगते. धातूले धातू शिवतच नाही. पन सकाळी चावी मारली का तेल खालीच निजून राह्यते. वर यायले त्याले येळ लागते. तेवढ्या कोरड्या घडीत घासते जे घासाचं थे. काजळ त्या घडीपुरतं हाय. बाकी दिवसभर तुमचंच तेल."

मग तो टर्बोविषयी बोलू लागला. टर्बोत बोटाएवढी दांडी असते, ती मिनिटाला लाखावर फेरे घेते आणि तेलाच्या पातळ पडद्यात नुसती तरंगत राहते, कशाला न शिवता. हे सांगताना त्याचा आवाज इतका हळू झाला की समोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरमुळे मला पुढचं ऐकूच आलं नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. तो माझ्याशी बोलत होता असं मला नाही वाटत.

देवमन मूळचा जऊळक्याचा. रेल्वे स्टेशनाच्या मागे घर, वडील मालधक्क्यावर पोती उचलायचे. पोरगा आयटीआय करून पुण्याकडे एका कंपनीत लागला आणि पिस्टनवर लेप मारण्याच्या खात्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. पाळ्या बदलत झोपणाऱ्या माणसांची खोली, जेवणाचा डबा, फॅनचा आवाज. तिथे त्याला पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडायचं. जऊळक्याच्या स्टेशनावरून मालगाडी चालली आहे, डब्यामागे डबा, संपतच नाही. पण आवाज नाही. चाकं रुळाला लागतच नाहीत. रुळाच्या कडेला त्याची आई मिरच्या वाळवत बसली आहे आणि गाडी गेली तरी एक मिरची हलत नाही. हे स्वप्न त्याने मला एवढ्या वेळा सांगितलंय की कधीकधी दुपारच्या पेंगेत मलाही ती गाडी दिसते.

नोकरी सोडून तो आला त्याचं कारण मात्र स्वप्नासारखं नव्हतं. एका सुट्टीत घरी जेवायला बसला, बायकोने, लिलाबाईने, वाढलं आणि विचारलं, "अजून भाजी घेता काय?" तिने पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. तिच्या ध्यानातही आलं नसेल. देवमनचा घास मात्र तिथेच थांबला. "ताई, मी माह्याच घरी पाव्हना झालतो," तो मला म्हणाला. परत गेला तो हिशेब करून यायलाच. रिसोडला शेड टाकली, मागे दोन खोल्या घेतल्या आणि लिलाबाईला जऊळक्याहून इकडे आणलं.

सगळं जमलं, पण लेप भाजायला भट्टी नव्हती. पिस्टन दोनदा तापवावे लागतात. आधी कोरे, धुऊन-पुसून झाल्यावर, धातूच्या अंगातला सगळा ओलावा उडून जाईपर्यंत. मग लेपाचा फवारा मारायचा आणि पुन्हा तापवायचं, म्हणजे लेप अंगाला घट्ट धरतो. कंपनीत त्यासाठी विजेचं मोठं कपाट होतं. आमच्या गल्लीत वीज कधी आहे आणि कधी नाही, ते महावितरणलाही सांगता येत नाही.

जमशेदभाईंची भट्टी त्यांच्या आजोबांच्या वेळची, विटांची, लाकडावर पेटणारी. पहाटे पाव, मग टोस्ट, आणि शेवटी उतरत्या आचेवर नानखटाई. दुपारी ती रिकामीच असते, पण तिच्या पोटात संध्याकाळपर्यंत धग राहते. देवमन चहाला गेला होता, तिच्या तोंडाशी हात शेकत उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. जमशेदभाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "दुपारी ते नुसतीच तापून राह्यते," ते म्हणाले. "तुह्या कामाची असंन त घे." एवढाच करार. भाडं नाही की कागद नाही. नानखटाई निघाली की पिस्टन आत जायचे आणि ते निघाले की भट्टीचं तोंड सताड उघडं टाकायचं, वास निघून जावा म्हणून.

गाव काय बोलल्याशिवाय राहतं? कुणी म्हणे टोस्टला गिअर ऑइलचा वास येतो, कुणी म्हणे जमशेदकडची खारी खाल्ली की ॲव्हरेज वाढतं. मी दोघांच्या वतीने भांडले. त्या दोघांना ऐकूच येत नव्हतं. दुपारी भट्टीच्या दोन बाजूंना दोघे बसायचे, उन्हाची तिरीप पिठाच्या धुळीतून आत यायची, एक डुलक्या घ्यायचा आणि दुसरा जागेपणी तेच करायचा.

मग फुलसिंगचं प्रकरण झालं. फुलसिंग मानोऱ्याकडचा, त्याची टर्बोवाली प्रवासी जीप रिसोड, मानोरा, पोहरादेवी अशी धावते. दिवाळीच्या सुमारास त्याने इंजिनाचं काम काढलं तेव्हा पिस्टन आणि टर्बोचं बेअरिंग देवमनकडून काजळ लावून नेलं. संक्रांतीनंतर एका चढावर गाडीने शीळ घातली, धूर सोडला आणि बसली. माणसं उतरून चालत गेली, कुणाला काही झालं नाही. इंजिन खोललं तर तेलात काळे पापुद्रे. त्यांनी टर्बोला जाणारी तेलाची बारीक नळी बुजवली होती आणि ती बोटाएवढी दांडी कोरडी फिरून जळून निळी पडली होती.

फुलसिंग तो पापुद्र्यांचा चुरा कागदात घेऊन आला आणि देवमनच्या पुढ्यात ठेवला. "देवमनभाऊ, तुमचं काजळ रडू रडू उतरलं," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

देवमनने चुरा बोटावर घेतला. "माहा हात चुकला फुलसिंग. पिस्टन पुन्हा करून देतो. रामनवमीच्या पोहरादेवीच्या यात्रेआधी देतो, अन् टर्बो मी पाहून घेतो."

आणि मग तो ज्याला त्याला हेच सांगत सुटला, माझा हात चुकला. बातमी एसटीपेक्षा लवकर पोचली. गोणपाटातले पिस्टन यायचे थांबले. पुण्याच्या जुन्या सुपरवायझरचा फोन आला, जागा आहे, येतोस का. देवमनने माळ्यावरची बॅग खाली काढली. लिलाबाईने ती झटकली आणि परत माळ्यावर ठेवली. त्याने पुन्हा काढली. त्या आठवड्यात त्या बॅगेने जितका प्रवास केला तितका मी जन्मात केला नसेल. तोंडाने मात्र दोघे एक शब्द बोलत नव्हते. लिलाबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची, माझ्याकडे बघायची आणि उठून जायची. फुलसिंगला पुन्हा करून दिलेल्या पिस्टनांचं काजळही सोललं तर देवमन जाणार, हे आम्हा दोघींना कळत होतं.

एके दुपारी मी समोर बघते तर देवमन भट्टीच्या तोंडातून लांब काठी आत घालून उभा. काठी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला पांढरं फडकं होतं. ते त्याने नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला वाटलं, संपलं, उन्हाने गेलं डोकं. मी दुकान उघडं टाकून पलीकडे गेले.

"काय हुंगतोस?"

त्याने फडकं माझ्यापुढे केलं. मधोमध पिवळट डाग. वेलची आणि तूप. नानखटाई!

"भट्टीच्या आतून छताले पुसलं," तो म्हणाला. "विटा तूप प्याल्या ताई. आपुन दिवाळीले काय करतो?"

काय करतो? दिवाळीआधी अख्खं रिसोड पीठ, साखर आणि तुपाचे डबे घेऊन जमशेदभाईंच्या दारात रांगेत उभं असतं. घरचं सामान, भट्टी त्यांची. माझा डबा असतो, लिलाबाईचा असतो. गावभरच्या नानखटाया त्या भट्टीतून भाजून निघतात आणि सगळ्या गावाचं तूप वाफ होऊन विटांत मुरतं. त्याच दिवसांत फुलसिंगचे पिस्टन आत गेले होते. कोऱ्या धातूवर तुपाचा डोळ्याला न दिसणारा हात फिरला, आणि देवमनने त्यावर काजळ घातलं. लोक म्हणत होते पिस्टनांनी नानखटाई बाटवली. झालं होतं उलटंच.

"आता भट्टी तापली का विटाईले घाम येते, बारा महिने येनार," देवमन म्हणाला. "माहा हात चुकला नोयता ताई." एवढं बोलून त्याने फडकं घडी घालून खिशात ठेवलं. "पन कोनाले सांगजा नका."

"काहून?" रागात माझी पण भाषा बदलते.

"जमशेदभाईले कळलं त उद्यापासून थो नानखटाई बंद करन. मी ओयखतो ना त्याले. त्याच्या घरचं समदं त्याच्यावर चालते. अन् दिवाळीले एवढं गाव कुठं जाईन? म्या पुन्याले हो म्हनून टाकलं तं कोनाचंच काही अडत नाही."

माझा स्वभाव तिखट आहे, हे मी सांगायची गरज नाही. पण त्या वेळी मला जो राग आला तो वेगळाच. हा माणूस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता आणि वर त्यालाच शहाणपण समजत होता. अडत कसं नाही? ती पायरीवर येऊन बसते ती कोण? मी त्याच्या खिशातून फडकं ओढलं, सरळ बेकरीत गेले आणि जमशेदभाईंच्या हातात दिलं.

त्यांनी हुंगलं. मेंदी लावलेली दाढी खुलली. "वा! हा त दिवाळीचा माल." मग मी सांगितलं. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, आणि माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या देवमनकडे पाहिलं.

"भट्टी माही," ते म्हणाले. "तूप गावाचं. अन् नाव खराब तुहं एकट्याचं? कोनता न्याय हाय बे हा? तुले मले एक शब्द सांगता नाही आला? माह्यासंगं बसून चहा पेत होता ना रोज?" त्यांचा आवाज चढत गेला आणि मध्येच फुटला. मी जमशेदभाईंना रडवेलं झालेलं कधी बघितलं नव्हतं. "नानखटाई बंद. विटा उपटतो. नव्या लावतो."

"मंग म्या आजच जातो," देवमन म्हणाला.

"जाय ना, जाऊन दाखव."

"विटाईले हात लावून दाखव."

दोन बैल खांद्याला खांदा लावून एकाच जागी अडावेत तसं झालं. दोघे भट्टीच्या दोन बाजूंना जाऊन बसले, नेहमीच्याच जागी, पण पाठी करून. उन्हाची तिरीप तीच, पिठाची धूळ तीच. मला दोघांनाही चांगलं बदडून काढावंसं वाटत होतं.

बेकरीच्या मागे त्यांचं घर. पडद्याआडून शाहजादीभाभींनी सगळं ऐकलं होतं. आतून तांबं फरशीवर ओढल्याचा आवाज आला. भाभी पाठमोऱ्या, वाकून, एक देग ओढत बाहेर आणत होत्या. ती देग मला माहीत होती, कुणाला माहीत नव्हती? तांब्याची, आतून कल्हई केलेली, त्यांच्या सासूबाईंनी घेतलेली. गल्लीतलं लग्न असो की मयतीनंतरचं जेवण, भात त्याच देगेत शिजायचा. भीमजयंतीला देवमनच्या वस्तीत मसालेभात व्हायचा तोही तिच्यातच.

भाभींनी देग दोघांच्या मधे ठेवली आणि कंबर सरळ केली.

"दम देऊ," त्या म्हणाल्या.

दोघे त्यांच्याकडे बघत राहिले.

"बिर्यानीले कसा देतो? झाकनाले चारी बाजूनं कनीक लावली का बाहेरचं आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही. तुहे लोखंडाचे गडवे याच्यात ठेव. भट्टीले घाम येऊ दे किती याचा थो."

"लोखंडाचे नाही भाभी," देवमन सवयीने पुटपुटला. त्याची नजर हळूहळू देगेच्या आत उतरली. मला ती नजर ठाऊक होती. मालगाडी आवाज न करता चालली होती. "कनकीचं पानी उडून जाईन," तो स्वतःशी म्हणाला. "पानी उडते. तूप उडत नाही. कनकीले तेलाचा हात नाही लावाचा." मग तो एकदम भानावर आला आणि मागे सरकला. "नाही भाभी. लेप भाजतानी त्याची वाफ काढाले झाकनाले भोक पाडा लागन. अन् थो लेप जहरी असते. यात पुन्हा खायाचं नाही शिजवता येनार. कधीच नाही."

भाभी तोवर परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. पाणी ओतत त्या म्हणाल्या, "मंग नको शिजवू. गडवेच शिजव. पन इथंच शिजव."

जमशेदभाई उठले, खिळा आणि हातोडा घेऊन आले आणि झाकण मांडीवर घेतलं.

देग धुण्याच्या सोड्याने उकळून काढली. देवमनने तिच्या आतून पांढरं फडकं फिरवलं, पुन्हा धुतली, पुन्हा फिरवलं, पांढरं ते पांढरंच राहीपर्यंत. मग कोरे पिस्टन आत मांडले, झाकण ठेवलं, खिळ्याच्या भोकातही कणकेची गोळी बसवली, आणि भाभींनी कडेने कणकेची वळी दाबत नेली, करंजीची कड दुमडतात तशी. देग भट्टीच्या तोंडातून जेमतेम आत गेली. आम्ही चौघे बसून राहिलो. कणीक भाजल्याचा वास यायला लागला आणि त्या उबेत मला कधी डोळा लागला कळलं नाही. जागी झाले तेव्हा देवमन भाजलेली वळी तोडत होता आणि आत पिस्टन चांदण्यात ठेवल्यासारखे निवांत बसले होते. त्यांच्यावरून फिरवलेलं फडकंही कोरं निघालं.

लेप मारून ते पुन्हा देगेत गेले, या वेळी भोक उघडं ठेवून. बेअरिंगही तसंच केलं. रामनवमीआधी फुलसिंगची गाडी तयार झाली. यात्रेत ती किती खेपा धावली ते फुलसिंगलाही सांगता आलं नसतं. आत माणसं, टपावर गाठोडी, चढावर चढ, आणि दिवसभर मधे मधे बंद आणि चालू, म्हणजे कोरड्या घड्याच घड्या. यात्रा संपल्यावर त्याने गाडी थेट शेडपुढे आणली. खालचा नट काढला आणि तेल पसरट थाळीत उतरवलं. देवमनने बोटं बुडवली आणि एकमेकांवर घासत राहिला. तेल काळं होतं, जसं असतं तसं. पण बोटांत कचकच नव्हती, एक पापुद्रा नव्हता. लिलाबाई दारात उभी होती. त्याने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. ती आत गेली, बॅग खाली काढली आणि त्यात वर्षाची तूरडाळ भरून ठेवली.

पुढे उन्हाळ्यात जमशेदभाईंच्या इफ्राचं लग्न झालं, एकुलत्या एका मुलीचं. देग दुसऱ्या मोहल्ल्यातून मागून आणावी लागली. ती आणायला देवमनच गेला होता. मंडपामागे चुली पेटल्या होत्या, बायका कांदा चिरत होत्या, आणि मालेगावहून आलेल्या कुणी पाहुणीने चारचौघींत विचारलं, "काहो शाहजादी, तुमच्या सासूची एवढी मोठी देग होती. घरच्या पोरीचं लग्न अन् देग मांगून आनली? इकली काय?"

मी कान टवकारले. देवमन ताटांची चळत घेऊन मागेच उभा होता. त्यानेही ऐकलं. तो जागीच थिजला.

भाभींनी भाताचा अंदाज घेतला, झाकण ठेवलं आणि कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"इकाले काय झालं?" त्या म्हणाल्या. "आमची देग कामाले लागली बाई. देवमनभाऊसंगं जाते रोज."

पाहुणीला काही समजलं नाही. देवमनने ताटं खाली ठेवली आणि कनातीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी ती ताटं उचलली आणि पंगतीकडे गेले.